तीन गाड्यांत राष्ट्राध्यक्षाचं अपहरण

मोजक्या साधनांत अपहरणाचा सिनेमा काढायचा, तर राष्ट्राध्यक्ष काल्पनिक देशाचाच ठेवा. झेंडा, बिल्ला स्वतः बनवा. लाल दिवा आजच्या भारतातला वाटणार असेल तर गाडीवर नको, 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही तो गेला.

ताफ्याला तीन पांढऱ्या गाड्या पुरतात. कॅमेरा वळणावर खाली ठेवा, गाड्या एकेक करून फ्रेमबाहेर काढा, मागून फिरवून पुन्हा आणा. सहा-सात वाटतात. पसरणी घाटात हे करू नका, वाहतूक थांबत नाही. वाईकडच्या शेतातला खासगी रस्ता बरा.

पळापळ उसात घ्या. पण फडाला तोड कधी लागणार हे मालकाला आधी विचारा. अर्धा प्रसंग झाल्यावर ऊस कारखान्याला गेला, तर उरलेला प्रसंग कुठे जोडणार? पात्यांनी हात कापतात, पूर्ण बाह्यांचे कपडे द्या.

ओलीस ठेवायला हंगाम संपलेलं गुऱ्हाळ उत्तम. चालू गुऱ्हाळात चरकाच्या आवाजात संवाद बुडतात, काहिलीच्या वाफेने लेन्स धुरकटते. आत एकच बल्ब लटकवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडी लुकलुकतो. रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर वेगळा टिपा. संकलनात तोच सांधे झाकतो.

नकली बंदुका असतील तर पोलीस ठाण्याला तारीख, जागा, वेळ लेखी कळवा आणि गावच्या पोलीस पाटलांनाही सांगा. रात्री बंदूकवाले दिसले की गाव आधी काठ्या घेऊन येतं.