चाकरमान्याचा माग काढताना: या चुका टाळा

आजोबा मुंबईला कधी आले? कोकणातल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन बसतो, आणि पहिली चूक तिथेच होते. मीही केली. दोन वर्षं मी एक साल शोधत होतो. मग गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघायला मिळालं. त्यात वडिलांचं नाव तीनदा. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात आधी 'मुंबईस गेला'. काही पानांनंतर पुन्हा दाखल, पुन्हा 'मुंबईस गेला'. तिसऱ्या वेळी रकाना कोराच. मास्तर कंटाळले असावेत.

रत्नागिरीकडचा माणूस गिरणीत लागला म्हणून गावातून उठला, असं सहसा झालंच नाही. तो खोलीवर, बायको-पोरं गावी. लावणीला, शिमग्याला, गणपतीला, आजारपणात परत. 1896 च्या प्लेगात तर लाखो लोक मुंबई सोडून पळाले आणि साथ ओसरल्यावर परतले. तेव्हा एक तारीख शोधू नका. एक वही घाला आणि त्यात फक्त चार गोष्टी लिहा: कोणत्या साली, कोण, कुठे होतं, आणि ते कुठल्या कागदावरून कळलं. ये-जा आपोआप दिसायला लागते.

घरातल्या आठवणी साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. 'मोठ्या संपात बाबा घरी होते' हे वाक्य आमच्याकडे सगळे म्हणायचे. गिरण्यांचा कुठला मोठा संप? 1928 चा जवळपास सहा महिने चालला, 1974 चा 42 दिवसांचा, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला तर कधी मिटलाच नाही. मी तिसरा धरून चाललो होतो, आत्या दुसऱ्याबद्दल बोलत होती. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, शेजारची घटना विचारा. गोदीत स्फोट झाला (14 एप्रिल 1944) तेव्हा तू केवढी होतीस? 'रामदास' बोट बुडाली (17 जुलै 1947) तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) झाला त्या रात्री गावात होतीस की चाळीत? या प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळतात, कारण त्या दिवशी आपण कुठे होतो हे माणूस विसरत नाही.

आडनाव धरून शोधणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गावात ज्याला कोणी आडनावाने हाक मारत नाही, तो मुंबईत आला की गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव घेतो. सख्खे भाऊ दोन आडनावांनी सापडतात. सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या: घराणं सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, जन्म महूचा, आणि साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी नाव पडलं 'भिवा रामजी आंबेडकर'. आडनाव वेगळं, पहिलं नावही आपल्या ओळखीचं नाही. 'सकपाळ, भीमराव' असं शोधणाऱ्याला हे पान कधीच सापडलं नसतं. म्हणून बापाचं नाव आणि गाव ही जोडी धरा. तरी एक सांभाळा, नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत आहे. 'सोनू राघो' आणि 'राघो सोनू' अशी साखळी चार पिढ्या चालते, आणि वर्ष न बघता जोडलं की आजोबा नातवाचा बाप होतो.

जुन्या कागदात 'राघो बिन सोनू' दिसलं की नवखा माणूस गोंधळतो. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. 'गंगाबाई कोम बाळू' किंवा 'भ्रतार बाळू' म्हणजे बाळूची बायको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दही सलग लिहिलेले असतात, त्यामुळे नावाचं शेपूट पुढच्या शब्दाला चिकटतं. मोडी वाचणाऱ्याकडे एकटं पान नेऊ नका. आधी गावातल्या वाड्यांची आणि घराण्यांची नावं लिहून द्या, म्हणजे अंदाज बरोबर बसतो.

सनाचंही तसंच. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसलीत (महसुली कागदांवरच्या सालात) 590. पण फसली साल जूनमध्ये सुरू होतं, म्हणून फसली 1340 म्हणजे नुसतं 1930 नाही, 1930-31. आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर तिला जन्मतारीख समजू नका. मास्तरांनी वय अंदाजाने धरून मुलाला पहिलीत बसवलं, एवढाच तिचा अर्थ.

खरी जन्मनोंद हवी तर गाव नमुना नंबर 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात विचारायचं. इथे मी तीन फेऱ्या वाया घालवल्या. आमच्या गावच्या वहीत काकांचा जन्मच नव्हता. शेवटी काकूच म्हणाली, 'अरे, पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना!' नोंद आजीच्या माहेरच्या गावी निघाली, तीही बिननावाची: बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा'.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे आपण त्या गावचे नाही, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढून मोकळे होतात. रत्नागिरीत खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार खोत. ती मोडण्याचा कायदा 1949 चा. त्याआधी कुळांचा हिशेब खोताच्या दप्तरात असायचा. अनेक कुळांची नावं मालक म्हणून वर आली ती 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर. त्यातही जो भाऊ गावात कसत होता त्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि मुंबईचे भाऊ गायब. त्यांना शोधायचं तर सातबारा बाजूला ठेवा आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. थोरला वारल्यानंतरच्या वारस फेरफारात सगळे उगवतात, पुष्कळदा लग्न झालेल्या बहिणीही, सासरच्या नावा-गावासह. बायकांचा माग काढायला याहून चांगला कागद मला मिळालेला नाही.

गिरणीच्या किंवा चाळीच्या कागदावर 'जि. रत्नागिरी' लिहिलंय म्हणून आजच्या रत्नागिरीत खेटे घालू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 ला. मालवण, देवगड, वेंगुर्ले त्याआधी रत्नागिरीतच होते. सावंतवाडी 1948 पर्यंत संस्थान होतं, तिकडचं जुनं दप्तर वेगळं. श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानातले.

जनगणनेत आजोबांचं नाव सापडेल ही आशा सोडा. घरोघरच्या नोंदी कायद्याने गोपनीय असतात. मिळतात ते तक्ते: कोणत्या जिल्ह्यात जन्मलेले किती जण मुंबईत होते. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातही आडनाव घेऊन जाऊ नका. तिथल्या फायली खातं आणि साल यांवर लावलेल्या आहेत. महसूल खातं, तालुका, दहा वर्षांचा टप्पा, एवढं ठरवून गेलात तर दिवस सार्थकी लागतो.

गिरण्यांच्या हजेरीवह्यांचा शोध बहुतेकदा भिंतीला जाऊन थडकतो. घरातलं पत्र्याचं पेटारं त्याहून उपयोगी: गिरणीचा तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफची पावती. बदलीवर लागलेला माणूस दुसऱ्याच्या नावावर काम करत असण्याचीही शक्यता असते, म्हणून पेटाऱ्यात परकं नाव सापडलं तर फेकू नका. गावमंडळाच्या मुंबईतल्या खोलीत वर्गणीच्या वह्या असतात. कुणी कधीपासून कधीपर्यंत वर्गणी दिली, त्यात मधली वर्षं कुठली सुटली, हे बघा. आणि जुने फोटो अल्बमात डिंकाने चिकटवू नका. आमच्या आत्येभावाने हौसेने चिकटवले, मागचं लिखाण कायमचं गेलं.

त्याच पेटाऱ्यात मला मनीऑर्डरची कुपनं मिळाली. आधी फक्त मजकूर वाचला: 'आईस दोन रुपये देणे. लावणीस येतो.' शिक्का बघायचं महिनाभराने सुचलं. गोल शिक्का पुसट, पण भिंगाखाली अक्षरं लागली: शिवडी. घरात आजवर सगळे लालबागच सांगत आले. आता शिवडीच्या चाळींत आमच्या गावच्या मंडळाची वही कुणाकडे आहे, ते विचारत फिरतोय.