नवे टीम लीड झालात? ‘याला हेच जमतं’ म्हणण्याआधी थोडं थांबा

एप्रिलमध्ये प्रमोशनची पत्रं हातात पडली की पावसाळा लागेपर्यंत नव्या टीम लीडचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, सात-आठ जण दिलेत. दोघं चांगले आहेत, बाकीच्यांचं काय करू?’ त्या बाकीच्यांसाठी हे लिहितेय. मी शेअर बाजाराच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे झालेल्या सौद्यांचे पैसे आणि शेअर ज्याचे त्याला पोचवण्याच्या कामात, वाढले. उमेदवारी फोर्टात झाली, आता टीम मालाडला बसते. त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. बँकेत किंवा विम्यात असाल तर आपापली घाला.

केआरए (कुणाकडून कुठल्या कामाची अपेक्षा आहे त्याची यादी), वन-ऑन-वन, फीडबॅक हे ट्रेनिंगमध्ये झालंच असेल. उणिवा लिंपत बसण्यापेक्षा माणसाच्या बलस्थानांवर काम उभं करा, हेही ऐकलं असेल. व्यवस्थापनाचे गुरू पीटर ड्रकर यांनी हे 1967 मध्येच लिहून ठेवलंय. पुढे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांनी गॅलप या सर्वेक्षण कंपनीत 34 गुणांची चाचणी बांधली, आणि आता बीकेसीत लोक आपले पहिले पाच गुण राशीसारखे सांगतात. तत्त्व बरोबर आहे. घोळ होतो तो ते वापरताना.

माणूस जे काम न चुकता आणि न कुरकुरता करतो, तेच त्याचं बलस्थान असं आपण धरून चालतो. माझं रेको, म्हणजे आकड्यांची जुळवणी, चुकायचं नाही. बँकेचा आकडा, डिपॉझिटरीचा (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवणाऱ्या संस्थेचा) आकडा, आमच्या बॅक ऑफिसचा आकडा, तिन्ही जुळवून ब्रेकची, म्हणजे न जुळलेल्या नोंदींची, यादी संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर. मग सगळंच रेको माझ्याकडे आलं. कुणी रजेवर गेलं की त्याचंही. दर अप्रेजलला ‘रेको क्वीन’ म्हणून टाळ्या, आणि क्लायंटच्या मीटिंगला मात्र रेकोत हमखास चुका करणारा शेजारचा मुलगा. कारण काय, तर मला डेस्कवरून उठवणं परवडत नव्हतं. तक्रार तरी कशाची करणार? सगळे कौतुकच तर करत होते! शिव्या खाणारा माणूस निदान दुसरी नोकरी शोधतो. कौतुकात अडकलेला वर्षानुवर्षं तिथेच बसतो. घरी जाताना बोरिवली लोकलमध्ये कुणाशी बोलावंसं वाटत नसे, आणि ते गर्दीमुळे होतं असं मी धरून चालले होते.

मग टी प्लस वन आलं. फेब्रुवारी 2022 पासून टप्प्याटप्प्याने, आणि 27 जानेवारी 2023 ला उरलेले शेअरही त्यात गेले. सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सेटलमेंट, म्हणजे ब्रेक उद्यावर ढकलायची सोय संपली. फोन करून, समजावून, तिथल्या तिथे सोडवायचा. माणसं कमी पडली म्हणून मला फोनवर बसवलं. गोंधळलेल्या माणसाला त्याचा घोळ सोप्या भाषेत उलगडून सांगणं ही माझी खरी ताकद निघाली. आकडे जुळवणं मला येत होतं, एवढंच.

हा फरक ओळखायला चाचणी लागत नाही. काम संपल्यावर माणूस कसा दिसतो ते बघा. कुणी न सांगता तो कशात नाक खुपसतो ते बघा. आणि सरळ विचारा: ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही?’ पहिल्यांदा विचाराल तेव्हा समोरचा तुम्हाला हवं तेच उत्तर देईल, कारण त्याला वाटतं ही अप्रेजलचीच चाल आहे. अप्रेजलच्या महिन्यात हा विषय काढूच नका. पुन्हा विचारा, चहाला जाताना विचारा.

चाचण्यांना माझा विरोध नाही. बोलणं सुरू करायला त्या बऱ्या. कंपनी पैसे भरत असेल तर करा, नाहीतर व्हीआयए या संस्थेची 24 गुणांची प्रश्नावली फुकट आहे. पण अहवाल म्हणजे माणूस नव्हे. क्लिफ्टन यांच्या मांडणीतही नैसर्गिक कल आणि त्यावर घेतलेली मेहनत यांचा गुणाकार झाला तरच बलस्थान तयार होतं. दोन दिवसांचा कोर्स करून आलेले कोच हा गुणाकार गाळतात आणि नुसता कल विकतात.

त्यांच्यापेक्षा ऑफिसातला एखादा जुना माणूस धरा. मला भेटले ते कागदी शेअर सर्टिफिकेटच्या काळातले. ट्रान्सफर डीडवरची (शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावरची) सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी, म्हणजे शेअर परत, आणि ती सही यांच्या नजरेतून सुटत नसे. 1996 मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी आली, हळूहळू कागद गेला, तसं त्यांचं ते कामही गेलं. नजर राहिली. पुढे संशयास्पद ऑफ-मार्केट (बाजाराबाहेर थेट खात्यातून खात्यात होणारे) ट्रान्सफर तेच सगळ्यांत आधी पकडायचे. तेव्हा आपल्या माणसाचं बलस्थान नोंदवताना कामाचं नाव लिहू नका, तो काय करतो ते लिहा. ‘एक्सेल’ नको, ‘विस्कळीत माहितीला आकार देतो’ असं लिहा. उद्या एक्सेल गेलं तरी त्याला कुठे बसवायचं ते तुम्हाला कळेल.

आता थोडं कडक. ‘बारकावे हे माझं बलस्थान नाही’ हे वाक्य सेटलमेंटमध्ये चालत नाही. पे-इन, म्हणजे विकलेले शेअर वेळेत भरणं, चुकलं तर शॉर्टेज, मग ते शेअर लिलावातून (ऑक्शन) आणायचे, आणि भुर्दंड ठरलेला. एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची सातव्या मालिकेची परीक्षा ज्याला लागू आहे त्याने ती द्यायचीच, कल असो वा नसो. किमान पातळी सगळ्यांना सारखी, बलस्थानांचं बोलणं त्याच्यावर. जोड्या लावतानाही सांभाळा. एक चमकणार आणि दुसरी मागून त्याच्या चुका निस्तरणार, अशी जोडी म्हणजे बलस्थानांच्या नावाखाली फुकटची हमाली, आणि ती बहुतेक वेळा मुलींच्याच वाट्याला येते. ‘तू किती व्यवस्थित आहेस’ म्हणत मिनिट्स, वाढदिवसाचा केक आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग एकीवरच ढकलू नका. त्यातलं काय केआरएमध्ये लिहिलं जातंय ते तपासा. लिहिलं जात नसेल तर ते काम वाटून टाका.

घाबरू मात्र नका. पहिल्या सहा महिन्यांत निम्मे अंदाज चुकतील, त्याने कुणाचं करिअर बुडत नाही. ड्रकर यांची एक सवय इथे कामी येते: निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून बघायचं. त्यांनी ती स्वतःला ओळखण्यासाठी सांगितली होती, मी टीमसाठीही वापरते. एका शांत मुलाला एस्कलेशनवर (वर गेलेल्या तक्रारी हाताळायला) बसवताना मी ‘महिन्यात परत मागेल’ असं लिहिलं होतं. त्याने परत मागितलं नाही. संतापलेला क्लायंट त्याच्या त्या संथ आवाजानेच निवतो.

बदली कायमची करायची गरज नसते. महिनाअखेर सोडून एक आठवडा निवडा आणि दोघांची कामं अदलाबदल करा. चेकर, म्हणजे काम तपासणारा, मात्र जुनाच ठेवा, म्हणजे चूक बाहेर जाणार नाही. वरिष्ठ नको म्हणाले तर बॅकअप तयार करतोय म्हणा. ते खोटंही नाही, आणि बॅकअपला मुंबईतला कुठलाही साहेब नाही म्हणत नाही, विशेषतः जुलैत, जेव्हा रुळांवर पाणी साचून अर्धी टीम दादरला अडकलेली असते.