आपत्कालीन रुग्णसेवेच्या प्रशिक्षणाला निधी मागताय? या चुका टाळा

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर जीव वाचवायला शिकवायचे, म्हणून लिहिलेले बरेच प्रस्ताव एकाच ठिकाणी फसतात. अंदाजपत्रकात बॅनर असतो, जेवण असते, किट असते; सरावाला पैसा नसतो.

नमुना ठरलेला: आश्रमशाळेचा हॉल, एक दिवस, 40 जण, सीपीआरच्या (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याच्या) सरावाचा एक पुतळा. उद्घाटन आणि भाषणे वजा जाता सरावाला चार तास उरतात, म्हणजे माणशी सहा मिनिटे. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोली, 30 दाबांमागे दोन श्वास हे सहा मिनिटांत हाताला वळण लावत नाही. हीच तुकडी तीन महिन्यांनी पुन्हा पुतळ्यासमोर बसवा: दाब उथळ पडतात, छाती पूर्ण वर येण्याआधीच पुढचा दाब येतो. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांकडे असते.

तुकडी 18 जणांचीच ठेवा. तिघांमागे एक पुतळा, सहा जणांमागे एक प्रशिक्षक, दोन पूर्ण दिवस. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात अर्ध्या दिवसाची उजळणी, तीही याच प्रस्तावात. ‘उजळणीचे पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांची उजळणी कधीच होत नाही. पुतळ्याच्या फुप्फुस-पिशव्या, तोंडाच्या झडपा, सरावाच्या एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. त्यांचा खर्च वेगळा दाखवा. व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र देण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण तो धरू नका.

दुसरी मोठी चूक तारखांची. जुलैत भाताची आवणी चालू असते आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. एप्रिल-मे धरा, नाहीतर पोळा ते भातकापणीमधले दिवस. बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात लिहा. ती नसली, तर ज्याला त्या दिवशी काम नाही तोच येतो. घाटात अपघाताजवळ आधी पोचणारा जीपवाला येत नाही. आशाताई आणि पोलीस पाटलांइतकाच तो महत्त्वाचा.

‘108 ला पर्याय’ असे लिहू नका. गाडी येईपर्यंत रुग्णाला कोण सांभाळणार, ते लिहा.

सर्पदंशावर दोरी आवळायला शिकवणारा प्रशिक्षक नको.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी संस्थेमार्फत हवा असेल, तर संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी आधी करा. 1 एप्रिल 2021 पासून ती लागते. परदेशी देणगी कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून ‘भागीदार संस्थेला वर्ग’ असे कलम घालू नका. हजेरीपट, मजुरीच्या सह्या आणि बिले रोजच्या रोज फाइलला लावा. उपयोगिता प्रमाणपत्राच्या (निधी कुठे खर्चला त्याच्या दाखल्याच्या) वेळी ती जुळवायला बसलात, तर पुढचा हप्ता अडकतो.