न घसरणारी चाल: ३२ पिक्सेलचे पात्र कसे चालवावे आणि कसे रंगवावे

बाजूने दिसणाऱ्या व्हिडिओ खेळात खेळाडूच्या डोळ्यांसमोर सर्वाधिक वेळ असते ती पात्राची चाल, आणि तरीही बहुतेक मार्गदर्शनांत ती चार चित्रे आणि दोन वाक्ये यांत उरकलेली असते. या लेखात ३२ पिक्सेल उंचीचे, सुमारे १३ पिक्सेल लांबीच्या पायांचे आणि उजवीकडे चालणारे पात्र गृहीत धरले आहे. त्याची आठ फ्रेमची, म्हणजे एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या आठ चित्रांची चाल रेखाटण्यापासून ती खेळात बसवण्यापर्यंतचे काम येथे सांगितले आहे. असेप्राइट, लिब्रेस्प्राइट, क्रिता किंवा ब्राउझरमध्ये चालणारे पिस्केल यांपैकी चित्र काढण्याचे कोणतेही साधन चालेल. साधन बदलल्याने चाल सुधारत नाही.

१. उभे चित्र

कॅनव्हास ४८ बाय ४८ ठेवावा, म्हणजे हात-पाय फाकल्यावर कडेला कापले जाणार नाहीत. पात्र आधी एकाच गडद रंगात भरून पाहावे. त्या आकारावरून ते ओळखू येत नसेल, तर पुढचा कोणताही रंग त्याला वाचवू शकत नाही.

२. चार मुख्य स्थिती

पहिल्या फ्रेममध्ये पुढच्या पायाची टाच टेकते आणि दोन्ही पाय सर्वाधिक फाकलेले असतात. दुसरीत पुढचा गुडघा वाकून वजन घेतो व धड एक पिक्सेल खाली येते. तिसरीत टेकलेला पाय सरळ होतो आणि दुसरा त्याच्या शेजारून जातो. चौथीत टाच उचलू लागते व धड मूळ उंचीपेक्षा एक पिक्सेल वर जाते. पाच ते आठ या फ्रेममध्ये हेच दुसऱ्या पायाने घडते. या उंचीच्या पात्राला एका पिक्सेलची वर-खाली हालचाल पुरेशी असते.

३. टेकलेला पाय

सगळी अडचण येथे आहे, आणि मी स्वतः सर्वाधिक काळ येथेच अडलो होतो. चारही स्थिती अचूक काढलेल्या असतात, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारी फ्रेमची साखळी) सुरेख फिरतो, आणि खेळात घालताच पात्र शेवाळलेल्या फरशीवरून निघाल्यासारखे घसरू लागते. याचे कारण असे की कॅनव्हासवर पात्र जागच्या जागी चालत असते. तेथे जमीनच नसते, त्यामुळे पाय जमिनीला धरून आहे की नाही हे तेथे कळूच शकत नाही.

नियम एकच आहे: पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत तो प्रत्येक फ्रेमला अगदी सारख्याच अंतराने मागे गेला पाहिजे. मोजण्यासाठी टाच किंवा अंगठा न धरता चवडा धरावा, कारण पहिल्या फ्रेममध्ये टाच टेकलेली असते, पाचवीत ती उचललेली असते, आणि चवडा मात्र पूर्ण वेळ हिशेबात ठेवता येतो. कमरेखालच्या उभ्या रेषेला शून्य मानावे. पहिल्या पाच फ्रेममध्ये चवड्याची जागा अनुक्रमे ६ पिक्सेल पुढे, ३ पुढे, शून्यावर, ३ मागे आणि ६ मागे अशी हवी. साडेतीन किंवा अडीच पिक्सेलचा मोह टाळावा.

‘प्रत्येक हालचाल सावकाश सुरू व्हावी, मध्ये वेग घ्यावा आणि सावकाश थांबावी’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. उडी, तलवारीचा वार, मान वळवणे यांसाठी तो योग्यच आहे. टेकलेल्या पायाला मात्र तो कदापि लावू नये. पात्र स्थिर वेगाने पुढे जात असताना त्याच्या दृष्टीने जमीन स्थिर वेगाने मागे जाते, आणि टेकलेला पाय हा त्या काळापुरता जमिनीचाच भाग असतो. उचललेल्या पायाला ती मोकळीक खुशाल द्यावी: ६ मागे, ५ मागे, १ पुढे, ५ पुढे, ६ पुढे. असे केल्याने पाऊल झटक्यात पुढे येते व चालीत जीव येतो.

आता वेगाचा हिशेब. फ्रेममागे ३ पिक्सेल आणि सेकंदाला १० फ्रेम म्हणजे सेकंदाला ३० पिक्सेल, आणि खेळात पात्र याच वेगाने पुढे सरकले पाहिजे. प्रोग्रामिंग करणाऱ्या सहकाऱ्याशी हा आकडा रेखाटन सुरू करण्यापूर्वी ठरवावा; नंतर ठरवणे म्हणजे सगळे पाय पुन्हा काढणे. समजा, त्याला सेकंदाला ६० पिक्सेल हवे आहेत. अशा वेळी फ्रेममागे ६ पिक्सेल करू नयेत, कारण मग पाऊल २४ पिक्सेलचे होईल आणि १३ पिक्सेलचे पाय फाकून जवळजवळ जमिनीला भिडतील. फ्रेममागे ४ पिक्सेल आणि सेकंदाला १५ फ्रेम घेतल्यास तोच वेग झपाट्याच्या चालीत बसतो. त्याहून जास्त वेग हवा असेल, तर चाल ताणत बसण्यापेक्षा धावण्याच्या फ्रेम वेगळ्या काढाव्यात.

हे तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. पायांखाली एक वेगळा लेयर (चित्राचा थर) घेऊन त्यावर दर १२ पिक्सेलवर एक उभी खूण काढावी आणि प्रत्येक फ्रेममध्ये सगळ्या खुणा ३ पिक्सेल डावीकडे सरकवाव्यात. चार फ्रेममध्ये खुणा बरोबर १२ पिक्सेल सरकतात, म्हणून लूपला कोठेही सांधा दिसत नाही. टेकलेला चवडा ज्या खुणेवर आला, तिच्यावरच तो उचलेपर्यंत राहिला पाहिजे. ज्या फ्रेममध्ये चवडा खुणेवरून सुटतो, ती फ्रेम चुकलेली आहे. हा लेयर निर्यातीपूर्वी बंद करावा, पण पुसू नये. पुढच्या पात्राला तो लागतोच.

शक्य असेल तर खेळातही फ्रेम घड्याळावर न बदलता कापलेल्या अंतरावर बदलावी: पात्र ३ पिक्सेल पुढे गेले की पुढची फ्रेम. मग चिखलात पात्राचा वेग निम्मा झाला तरी पाय घसरत नाहीत. यासाठी कोडच्या दोन-तीन ओळी पुरतात, आणि तरीही हा उपाय मला फार थोड्या मार्गदर्शनांत आढळला आहे.

४. हात आणि वस्त्रे

हात विरुद्ध पायाबरोबर पुढे जातात. पाश्चात्त्य नमुन्यांत पात्राला बहुधा तंग विजार असते, त्यामुळे कापडाचा प्रश्न तेथे सुटलेला असतो. आपले पात्र धोतर किंवा नऊवारी नेसलेले असेल तर पाय आधी उघडे काढून चाल पक्की करावी आणि मगच त्यांवर कापड चढवावे. पदर, फेट्याचा शेमला व धोतराचा सोगा धडाच्या एक फ्रेम मागे राहावेत: धड खाली येते त्या फ्रेममध्ये ते अजून वरच असावेत.

५. रंग

आठही फ्रेम आधी सपाट रंगांनी भराव्यात. सावली इतक्यात नको. उजवीकडे तोंड केलेल्या पात्राचा उजवा पाय आपल्या जवळचा आणि डावा पलीकडचा असतो. पलीकडचा पाय व हात त्याच रंगाच्या एका गडद छटेत ठेवावेत, नाहीतर दोन्ही पाय एकमेकांत मिसळतात. पहिल्या चार फ्रेमची नक्कल करून पुढच्या चार तयार केल्या असतील, तर पायांचे रंग आणि कोणता पाय कोणावर येतो हा क्रम दोन्ही बदलावे लागतात. हे राहून गेले की पात्र एकच पाय पुन्हा पुन्हा टाकत असल्यासारखे दिसते.

सावलीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: या आकारात प्रत्येक वस्तूला तीनच छटा द्याव्यात. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या खेळयंत्रावर स्प्राइटच्या (पडद्यावर हलणाऱ्या चित्राच्या) एका पॅलेटमध्ये, म्हणजे रंगसंचात, पारदर्शक जागा सोडून तीनच रंग मिळत. आज तसे बंधन नाही, पण फ्रेमागणिक सावलीच्या कडा थरथरणे हा चालीतल्या रंगकामाचा सर्वात मोठा दोष आहे, आणि छटा जितक्या जास्त तितक्या थरथरणाऱ्या कडा जास्त. म्हणून डोके व धड प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने न रंगवता एकदाच रंगवून एकेक पिक्सेल वर-खाली सरकवावे आणि सावली नव्याने फक्त हात-पायांवर द्यावी. मग लूप मूळ आकारात चालवून नजर खांद्यावर स्थिर ठेवावी. एकाच फ्रेममध्ये उगवून नाहीसा होणारा एकटा पिक्सेल दिसला, तर तो कितीही सुंदर असला तरी पुसावा.

आकाराच्या सगळ्या कडांनी गडद पट्टा व मध्ये उजेड, असे रंगकाम करू नये. त्यामुळे अंग उशीसारखे फुगते आणि प्रकाशाला दिशा राहत नाही. सावलीसाठी मूळ रंगात नुसता काळा मिसळू नये. तयार पॅलेटमधली त्वचा बहुधा गुलाबी असते. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेसाठी रंगचक्रावर मूळ छटा २८ अंशांच्या आसपास धरून सावली १२ अंशांकडे, म्हणजे तांबूस, आणि उजेड ३६ अंशांकडे, म्हणजे पिवळसर न्यावा. बाह्यरेषाही शुद्ध काळी न ठेवता त्या त्या भागाच्या सर्वात गडद छटेची करावी. काम इंडेक्स्ड रंगपद्धतीत, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पॅलेटमधल्या खणाशी जोडलेला ठेवून केले असेल, तर पॅलेटमधील एक खण बदलताच आठही फ्रेममधला तो रंग बदलतो.

६. निर्यात

स्प्राइट-शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र मांडलेले चित्र, पीएनजीमध्ये काढावी, जेपीईजीमध्ये कधीही नाही, आणि दोन फ्रेममध्ये २ पिक्सेल रिकामे सोडावेत. कडेची रिकामी जागा आपोआप छाटणारा पर्याय बंद ठेवावा. प्रत्येक फ्रेम वेगळ्या मापाने छाटली गेली की धडाची वर-खाली हालचाल बिघडते. पात्राचा आधारबिंदू, म्हणजे खेळ ज्यावरून पात्राची जागा धरतो तो बिंदू, पायांशी ठेवावा. खेळ बनवण्याच्या साधनांपैकी गोडोमध्ये टेक्स्चरचा (चित्राचा) फिल्टर ‘निअरेस्ट’वर ठेवावा, युनिटीमध्ये ‘पॉइंट’ निवडून कॉम्प्रेशनही बंद करावे. पडद्यावर चित्र दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच मोठे करावे, कारण दीडपट केल्यास काही पिक्सेल रुंद व काही अरुंद होतात. शेवटी पात्राला खेळातल्या सर्वात उजळ आणि सर्वात गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर चालवून पाहावे. पलीकडचा पाय अंधारात दिसेनासा होत असेल, तर त्याची छटा एका पायरीने उजळ करावी.