लग्नपत्रिकांच्या मागे मेंडेलीव्हची आवर्तसारणी

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत रिकामी घरं का सोडली, हे दहावीच्या मुलांना भिंतीवरचा तक्ता पाहून कळत नाही, हाताने मांडल्यावर कळतं. मराठवाड्यात लग्नसराई उरकली की घरोघर पत्रिका उरतात. जूनमध्ये शाळा उघडताच त्या मागवा.

६ बाय ८ सेंमीची ३० कार्डं कापा. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर एका मूलद्रव्याचं नाव, अणुवस्तुमान आणि त्याच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे जास्तीत जास्त किती अणू लागतात तो आकडा लिहा: सोडिअम अर्धा, मॅग्नेशिअम एक, ॲल्युमिनिअम दीड, सिलिकॉन दोन, फॉस्फरस अडीच, गंधक तीन, क्लोरीन साडेतीन. ऑक्सिजन, फ्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनवर हायड्रोजनचा आकडा लिहा: दोन, एक, एक, एक. तांब्याला अर्धाच द्या, म्हणजे ते सोडिअमच्या रकान्यात बसेल. अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनांची संख्या) मुळीच लिहू नका. तो दिसला की मुलं नुसती मोजत बसतात. अरगॉनसारखे वायूही नकोत, १८६९ च्या तक्त्यात ते नव्हते.

फरशीवर खडूने ७ उभे रकाने, ४ ओळी आखा. पंख्याने कार्डं उडतात, वर चिंचोके ठेवा. कार्डं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडा: लिथिअम ते फ्लोरीन पहिली ओळ, सोडिअम ते क्लोरीन दुसरी. इथपर्यंत सरळ जातं. तिसरीत पोटॅशिअम ते मँगनीज, चौथीत तांबे ते ब्रोमीन. लोखंड, कोबाल्ट, निकेल उजवीकडे बाजूला ठेवा.

चूक हमखास चौथ्या ओळीत होते. जस्त ६५, पुढचं आर्सेनिक ७५, म्हणून मुलं ते ॲल्युमिनिअमच्या रकान्यात ठेवतात. लगेच सांगू नका, कार्ड वाचायला लावा: आर्सेनिकचा आकडा अडीच, म्हणजे जागा फॉस्फरसच्या रकान्यात. मग मधे दोन घरं रिकामी राहतात. ६५ ते ७५ अंतर १०, त्याचे तीन सारखे भाग करा: ६८ आणि ७२ येतात. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने याच जागांसाठी हेच आकडे दिले होते! तसंच तिसऱ्या ओळीत कॅल्शिअम ४० आणि टिटॅनिअम ४८ यांच्या मधे एक घर रिकामं राहतं, तिथे ४४ येतो. या तीन घरांना त्याने ‘एका’ हा संस्कृत शब्द जोडून नावं दिली: एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन, एका-बोरॉन. त्या जागी गॅलिअम १८७५ मध्ये, स्कँडिअम १८७९ मध्ये, जर्मेनिअम १८८६ मध्ये सापडलं. गॅलिअमची घनता आधी ४.७ मोजली गेली, ती ५.९ च्या आसपास हवी, असं मेंडेलीव्हने कळवलं. शुद्ध नमुन्यावर पुन्हा मोजल्यावर ५.९ च आली.

शेवटी टेल्युरिअम १२८ (आकडा तीन) आणि आयोडीन १२७ द्या. वस्तुमानाने आयोडीन आधी येतं आणि सेलेनिअमखाली बसतं. गुणधर्म मात्र ब्रोमीनचे. वस्तुमान सोडा, गुणधर्म पाळा. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोज्लीच्या १९१३ च्या प्रयोगांनी अणुअंक ठरले, तेव्हा याचा उलगडा झाला. आता ही दोन कार्डं उलटून पत्रिकेच्या मजकुरावर जाड मार्करने टेल्युरिअमचा अणुअंक ५२ आणि आयोडीनचा ५३ लिहायला हरकत नाही.