भाड्याचे घर, घरफोडीचा विमा आणि खिडकीची कडी : या चुका टाळा

होळी झाली की जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांतील बहुतेक भाड्याच्या घरांत एक काम ठरलेले असते. हॉलच्या खिडकीची एक झडप काढायची, गज आड येत असतील तर ग्रिलचा तेवढा भाग कापून घ्यायचा आणि बाहेर लोखंडी स्टँडवर कुलर बसवायचा. पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या खान्देशात कुलर ही चैन नव्हे, त्यामुळे तो बसवू नका असे कोणी सांगणार नाही. मात्र घरातील सामानाचा घरफोडीसह विमा उतरवलेला असेल, तर त्या दिवसापासून त्या घराला एक न लागणारी खिडकी असते, आणि दाव्याच्या वेळी पहिली नजर तिच्यावरच जाते.

जळगावातील एका भाडेकरू कुटुंबाचा असा दावा मी जवळून पाहिला आहे. मंडळी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेली, तीन दिवसांनी परतली, तेव्हा दाराचे कुलूप जागच्या जागी होते आणि आतले कपाट मात्र रिकामे झाले होते. कुलरच्या वरची फट बुजवण्यासाठी प्लायवूडचा एक तुकडा सुतळीने ग्रिलला बांधलेला होता. चोराने सुतळी कापलीसुद्धा नव्हती. गाठ सोडून तो तुकडा बाहेरच्या भिंतीला उभा टेकवून ठेवला होता. नुकसानीची पाहणी करायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने काढलेल्या फोटोत तो तुकडा, लोंबणारी सुतळी आणि एकही ओरखडा नसलेली चौकट स्वच्छ दिसत होती. दावा नामंजूर झाल्याचे पत्र हातात घेऊन त्या घरातल्या वहिनींनी मला विचारले, “भाऊ, चोरी झाली हे पोलीससुद्धा मान्य करतात, मग कंपनी का मान्य करत नाही?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘घरफोडी’ या शब्दाच्या विम्यातील अर्थात आहे. आपल्याकडच्या घरफोडी विम्यात सामान्यतः बळाचा वापर करून घरात शिरणे किंवा घरातून बाहेर पडणे ही अट असते. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 सालच्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे की, पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर बळाच्या वापराशिवाय झालेली चोरी भरपाईस पात्र ठरत नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी प्रश्न चोरी झाली की नाही एवढाच नसून, चोराला काही तोडावे, वाकवावे किंवा उचकटावे लागले का, हा असतो. खिडकीच्या कडीचे विम्यातील महत्त्व यातूनच येते. उत्तम कडीसुद्धा चोराला कायमची रोखेलच असे नाही, पण ती तोडल्याशिवाय आत येता आले नाही हे ती दाखवून देते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटवर खिडकीच्या कुलपांविषयी जे वाचायला मिळते त्यातील बराच भाग परदेशातला असतो. इंग्लंडमधील अनेक कंपन्या तळमजल्यावरील आणि सहज हात पोहोचेल अशा सर्व खिडक्यांना किल्लीने बंद होणारे कुलूप असावे, अशी थेट अट घालतात. आपल्या पॉलिसींमध्ये कुलपाच्या प्रकाराचा असा उल्लेख सहसा नसतो; विमाधारकाने मालमत्तेची वाजवी काळजी घ्यावी, एवढेच कलम असते. त्यावरून ‘खिडकीबद्दल काहीच अट नाही’ असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक आहे, कारण उघडी खिडकी, निघालेली झडप किंवा कापलेले ग्रिल या तिन्ही गोष्टी त्या एका कलमाखाली येऊ शकतात.

दुसरी चूक पॉलिसी घेतानाच होते. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि भाडेकरूला तिच्यात केवळ घरातील सामानाचाही विमा घेता येतो. ती आग, पूर, भूकंप, वीज पडणे यांसारख्या आपत्तींसाठी आहे. तिच्यातील चोरीचे संरक्षण हे अशा आपत्तीमुळे आणि आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतेच असते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते, आणि सोन्याचे दागिने स्वतंत्रपणे, किमतीसह नोंदवावे लागतात. सोन्यासाठी नाव असलेल्या जळगावात हे विसरणारी घरे कमी नाहीत. घरमालकाने इमारतीचा विमा घेतलेला असला तरी भाडेकरूच्या सामानाला त्याचा उपयोग नाही.

याच वेळी प्रस्ताव अर्जात ‘सर्व खिडक्यांना ग्रिल आहे का’ अशा स्वरूपाचा प्रश्न असेल, तर एजंटने सवयीने केलेल्या ‘होय’वर डोळे मिटून सही करू नये. एका खिडकीचे ग्रिल कुलरसाठी कापलेले असेल तर तसे लिहावे. प्रीमियम थोडा वाढला किंवा कंपनीने दुरुस्ती सुचवली तरी ते परवडते. चुकीचे उत्तर मात्र पुढे संपूर्ण दावाच अडवू शकते.

आता प्रत्यक्ष खिडकीकडे वळू. जुन्या घरांतील लाकडी खिडक्यांना उभे गज असतात, पण खालची चटकनी झिजलेली असते आणि तिचे टोक चौकटीच्या भोकात पाव इंचही जात नाही. बाहेरून झडप हलवून पाहावी; ती खडखडत असेल तर लांब दांड्याचा टॉवर बोल्ट (सरकवून लावायची लोखंडी कडी) बसवून घ्यावा आणि त्याचे स्क्रू चौकटीच्या चांगल्या लाकडात गेले आहेत याची खात्री करावी. नव्या अपार्टमेंटमधील ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचे दुखणे निराळे आहे. त्यांचा मधला आकडा लागलेला असतानाही काच वर उचलून खालच्या ट्रॅकमधून बाहेर काढता येते, कारण वरच्या ट्रॅकमध्ये तेवढी मोकळी जागा सोडलेली असते. वरच्या ट्रॅकमध्ये काचेच्या चौकटीच्या अगदी वर एक-दोन स्क्रू असे बसवावेत की खिडकी सरकेल पण उचलली जाणार नाही. किल्लीचे स्लायडिंग लॉक याच्या जोडीला घ्यावे, याच्या ऐवजी नव्हे.

कुलरच्या खिडकीसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे कुलरचे तोंड मावेल एवढीच मोकळी जागा ठेवून उरलेल्या भागाला फॅब्रिकेटरकडून ग्रिलची पट्टी करून घेणे आणि कुलरचा स्टँड आतल्या बाजूने नट-बोल्टने कसणे. सुतळी, पुठ्ठा, प्लायवूड यांनी वारा अडतो, माणूस नाही. गावी जाताना शक्य असल्यास कुलर आत घेऊन झडप पुन्हा लावावी. उन्हाळ्यात घरातले सगळे गच्चीवर झोपायला जातात तेव्हा खालचे घर रिकामेच असते. त्या रात्रीही खिडक्या लावण्याची सवय हवी.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. ग्रिलला उघडणारा भाग ठेवून त्याला कुलूप लावले असेल, तर त्याची किल्ली बाहेरून हात पोहोचणार नाही, पण घरातल्या लहानथोरांना अंधारातही सापडेल अशा एकाच जागी टांगावी. शॉर्टसर्किटने आग लागली तर तीच खिडकी बाहेर पडण्याचा मार्ग ठरू शकते.

हे सर्व करताना घरमालकाला विचारायचे राहून जाते. चौकटीत भोक पाडणे, ग्रिल कापणे किंवा जोडणे यांसाठी आधी लेखी संमती घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट संदेशही पुढे कामास येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करारासोबतच्या यादीत पंखे आणि नळ लिहिले जातात, तिथेच प्रत्येक खिडकीची कडी आणि ग्रिलची स्थितीही लिहून घ्यावी. राहायला आल्या दिवशी सर्व खिडक्यांचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत. कडी होती हे सिद्ध झाले तरच ती तोडली गेली हे पटते.

घर किती दिवस बंद राहणार, हेही पाहावे लागते. अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ठरावीक दिवस, बहुधा 30 दिवस, रिकामे राहिले तर घरफोडीचे संरक्षण थांबते किंवा कंपनीला आधी कळवावे लागते. सुटीत महिनाभर गावी राहणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ही ओळ शोधून वाचावी.

चोरी झालीच तर आवराआवर करू नका. वाकलेला ट्रॅक, तुटलेली चटकनी, खाली पडलेला स्क्रू, सारे तसेच ठेवून फोटो काढा, पोलिसांना बोलवा आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. फिर्यादीत ‘सामान चोरीला गेले’ एवढेच न लिहिता चोर कोठून शिरला आणि काय तोडले, हे तपशिलाने लिहून घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरी कलम 305 मध्ये, तर घरफोडीची शिक्षा कलम 331 मध्ये आहे. केवळ पहिलेच कलम लागले तर कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. पंचनाम्यात कडीची स्थिती नोंदवली गेली आहे का, हे सही होण्यापूर्वी विचारा. आणि कोणी कितीही सुचवले तरी नंतर स्वतःच्या हाताने कडी तोडू नका. तो खोटा पुरावा ठरतो आणि खरा दावाही बुडतो.

दावा नाकारला गेला तर नकाराचे कारण लेखी मागा आणि प्रथम कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे तक्रार द्या. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुढील एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क जाता येते. खान्देशासाठी हे कार्यालय पुण्यात आहे आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. दोन्हीकडे राहायला आल्या दिवशीचे फोटो, पंचनामा आणि घरमालकाशी झालेला लेखी व्यवहार यांची प्रत सोबत जोडा.

आणखी एक काम घर बदलताना येते. भाडेकरार सहसा 11 महिन्यांचा असतो आणि पॉलिसी 12 महिन्यांची, त्यामुळे मधेच पत्ता बदलला तर पॉलिसीवर तो बदलून घ्यावा लागतो. जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या घरातील सामानाला आपोआप लागू होत नाही. पत्ता कळवताना नव्या घराच्या खिडक्यांविषयीही जे खरे आहे ते कळवा, आणि तिथे कुलर कोणत्या खिडकीत बसणार आहे, हे करारावर सही करण्यापूर्वीच घरमालकासोबत उभे राहून पाहून घ्या.