चिखलातून आलेली एटीव्ही कशी धुवावी

पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये एटीव्हीची, म्हणजे चिखलात-चढात चालवायच्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीची, जी कामं निघतात, त्यातली बरीचशी चिखलाने नाही, धुण्याने निघतात. चिखल चाकाला, मडगार्डला, पोटाखालच्या पत्र्याला बाहेरून चिकटतो. त्याला आत शिरायला वेळ लागतो. प्रेशर वॉशरचं पाणी मात्र एका दुपारीत बेअरिंगच्या सीलमधून आत जातं, वायरिंगच्या जोडात जातं, बेल्टच्या घरात साचतं. गाडी वरून लखलखते आणि पुढच्या शनिवारी चाक करकरायला लागतं.

आमचा छोटा ट्रॅक मुळशी तालुक्यात आहे, ताम्हिणीच्या अलीकडे. भाताची खाचरं, एक ओढा, थोडा मुरमाड चढ. गाड्यांचं मेकॅनिकचं काम दादा बघतो आणि धुणं माझ्याकडे. चिखलणीनंतर पॉवर टिलर धुवायची सवय लहानपणापासून होती, त्यामुळे चार चाकांचं हे धूड काही वेगळं वाटलं नाही. फार्महाऊसवाले आपापल्या गाड्या पिकअपमध्ये घालून आणतात (बहुतेक एटीव्हींना आरटीओचं पासिंग नाही, रस्त्यावरून चालवत आणायची सोय नाही) आणि जाताना विचारतात, ताई, घरी कशी धुवायची? म्हणून हे लिहून ठेवलं.

कधी धुवायची, तर त्याच दिवशी, पण आल्या आल्या नाही. इंजिन, सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात. त्यावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकते, जुन्या पत्र्याला चीर जाते. अर्धा तास थांबा, चहा घ्या. मात्र उद्यावर ढकलू नका. आमची तांबडी माती वाळली तरी भिजवल्यावर सुटते, फक्त पांढऱ्या-पिवळ्या प्लास्टिकवर तांबूस डाग ठेवून जाते. बारामती-इंदापूरकडची काळी माती मात्र वाळताना आवळते आणि दगड होते. तिकडून आलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतून मी चिखलाचे साचेच्या साचे काढलेत. अशी गाडी रात्री धुणं जमत नसेल तर निदान ओलं गोणपाट टाकून ठेवा, माती मऊ राहते.

कुठे धुवायची? ओढ्यात नाही. पोरांना ओढ्यात गाडी उभी करून बादल्या मारायला मजा येते, पण साखळीचं तेल, ग्रीस, साबण सगळं खाली कुणाच्या तरी पाणवठ्यावर जातं. विहिरीपासूनही लांब, थोडा उतार असलेल्या मुरमावर किंवा फरशीवर उभी करा. दुसरी गोष्ट बियांची. चाकाच्या खाचांत अडकलेल्या चिखलातून गाजरगवत आणि रानमोडी गावोगाव फिरते. गाजरगवताने 1950च्या दशकात पुण्याकडे बस्तान बसवलं आणि तिथून देशभर पसरलं, आता आपण ते निदान आपल्या गाडीवरून तरी पुढे नेऊ नये. म्हणून मोठी ढेकळं जिथे गाडी चालवली तिथेच काठीने पाडून निघायचं. सड्यावर, पठारावर तर गाडी घालूच नये हे माझं मत आहे. तिथल्या चार बोटं मातीत जे उगवतं ते चाकाखाली गेलं की परत येत नाही.

आता तयारी. किल्ली काढा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, किंवा प्लास्टिकची पिशवी लावून रबर बँडने बांधा. हा बोळा काढायला लोक विसरतात. आमच्याकडे बोळा आणि किल्ली एकाच सुतळीला बांधतो. बोळा काढल्याशिवाय किल्ली हातात येत नाही, संपला प्रश्न. सीट नीट बसली आहे का, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण लागलं आहे का, पेट्रोलचं झाकण घट्ट आहे का, हे हाताने दाबून बघा. हँडलवरच्या मीटरवर आणि बटणांवर एक पिशवी ओढा.

सामान फार लागत नाही: लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी पट्टी, लांब दांड्याचा ब्रश, जुना टूथब्रश, बादली, साधा गाडी धुवायचा शाम्पू आणि बागेला पाणी घालतो तो पाइप. लोखंडी उलथणं, पाना किंवा स्क्रू ड्रायव्हरने चिखल खरवडू नका. प्लास्टिकवर चरे पडतात आणि चाकांच्या आसावरचे रबरी बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस आत ठेवणारी रबरी टोपणं, फाटतात.

आधी गाडीची पुढची चाकं बांधावर किंवा जाड फळीवर चढवा, मागच्या चाकांना दगडाची उटी लावा. पोटाखालचं पाणी मागे वाहून जातं. मोठे गोळे पट्टीने पाडा, मग पूर्ण गाडीवर हलकं पाणी सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं काहीही करू नका. हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणाला जमत नाही. भिजलेला चिखल नुसत्या पाइपच्या पाण्याने घसरतो. न भिजलेल्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पाणी नको तिथे जातं. भिजेपर्यंत दुसरं काम करा, हेल्मेट धुवा, बूट धुवा. मग वरून खाली या, शेवटी पोट. नंतर गाडी उलटी फिरवून मागची चाकं वर घ्या आणि तेच पुन्हा.

प्रेशर वॉशर अजिबात वापरू नका असं नाही. टायर, मडगार्डची आतली बाजू आणि पोटाखालचा पत्रा यांना तो चालतो, पसरट फवाऱ्याने आणि दोन-तीन फुटांवरून. पण चाकाचा मधला भाग, आसाचे बूट, शॉकअपचे सील, हँडलचा खांब, वायरचे जोड, रेडिएटर आणि सीटखालचा भाग इथे तो नेऊच नका. ग्रीस भरलेल्या जागेत पाणी घुसवायचं असेल तर याहून चांगलं हत्यार नाही.

पोटाखालचा पत्रा आठवणीने बघा. त्याच्या आणि इंजिनच्या मधे खाचरातला चिखल, पेंढा, गवत, कधी कधी चक्क जिवंत खेकडा येऊन बसतो. (खेकडा आधी काठीने बाहेर काढा, हात घालू नका.) पत्र्याला पाणी जायला भोकं असतात ती टूथब्रशने मोकळी करा. भोकातून स्वच्छ पाणी येत नसेल तर बोल्ट सैल करून पत्रा खाली घ्या. सायलेन्सरभोवतीचं गवत वेचून काढणं तर सक्तीचं समजा. ओलं असताना काही होत नाही. दोन दिवसांनी वाळतं आणि तापलेल्या पाइपला चिकटून धुमसायला लागतं. गाड्या पेटायचं हे एक खरं कारण आहे. पाय ठेवायच्या खोलगट जागेतलीही भोकं तशीच बुजलेली असतात.

रेडिएटर गाडीच्या नाकावर असतो, म्हणजे सगळा चिखल आधी त्याच्यावर. पाणी समोरून मारलं तर चिखल जाळीत आणखी आत ठासला जातो. इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला, हलक्या धारेने, धीराने सोडा. पलीकडून आधी तांबडं आणि मग निवळ पाणी यायला हवं. जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि हवा अडते. दिसायला स्वच्छ रेडिएटर असूनही गाडी चढाला तापत असेल, तर आतल्या थरात माती आहे असं समजा आणि पुन्हा धुवा.

एअर फिल्टरसाठी सीट काढा. डब्याच्या तळाशी एक छोटी नळी किंवा रबरी टोपी असते, ती दाबून पाणी येतंय का बघा. नुसतं पाणी चार थेंब आलं तर फार चिंता नाही. गढूळ आलं तर ओढ्यात गाडी जरा जास्तच खोल गेली होती, फिल्टर काढाच. स्पंजचा फिल्टर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचा. दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही. पिळला की शिवणीशी फाटतो. पेट्रोलने धुऊ नका, स्पंजचा जोड सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टरचं तेल लावून, तळहातात दाबून सगळीकडे सारखं पसरवा. कोरडा स्पंज बारीक धूळ अडवत नाही, हे ऑक्टोबरात कळतं. कागदी फिल्टर असेल तर तो धुण्याच्या फंदात पडू नका, बदला.

ज्या गाड्यांत इंजिनची ताकद चाकांकडे न्यायला बेल्ट असतो, म्हणजे बहुतेक ऑटोमॅटिक, त्यांच्या बेल्टच्या घराला खाली पाणी सोडायचा बोल्ट असतो. तो उघडून बघा. आत पाणी असेल तर रेस दिली की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. पाणी सोडून द्या, गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून थोडी थोडी रेस द्या, बेल्ट वाळतो. बेल्ट घसरत असताना तशीच दामटली तर तो जळतो, आणि बेल्ट स्वस्त नाही. साखळीच्या स्पोर्ट गाड्यांना हे दुखणं नाही. त्यांची साखळी मऊ ब्रशने धुवा, फडक्याने पुसा, कोरडी झाल्यावर तेल लावा.

चाकं धुताना चारही बाजूंचे रबरी बूट हाताने चाचपा. बोटाला ग्रीस लागलं तर बूट फाटलाय. आत माती गेली की सांधा झिजायला लागतो आणि वळताना टकटक आवाज येतो. फाटलेला बूट लगेच बदलला तर काम बुटावर भागतं, नाहीतर अख्खा आस बदलावा लागतो. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग दादाकडे.

ब्रेकच्या पॅडमधला चिखल पाइपच्या पाण्याने नीट निघतो. डिस्कवर तेलाचा, पॉलिशचा स्प्रे उडू देऊ नका. टायर चमकवायचं पॉलिश सीटवर आणि पाय ठेवायच्या जागेवर लावणाऱ्यांना मी हात जोडते. पहिल्याच चढाला माणूस मागे घसरतो.

विंच (रुतलेली गाडी ओढून काढायची दोरीची चरखी) वापरली असेल तर दोरी पूर्ण बाहेर ओढा. ओल्या चिखलाची दोरी तशीच गुंडाळली तर आतल्या आत दोऱ्याला दोरा घासतो. साध्या पाण्यात धुवा, वाळवा आणि पुन्हा गुंडाळताना थोडा ताण द्या, सैल गुंडाळी पुढच्या ओढीला एकमेकांत रुतते. तारेची असेल तर जाड हातमोजे घालूनच.

धुणं झालं की बोळा काढा, गाडी सुरू करा, गरम होऊ द्या आणि अंगणात फिरवून ब्रेक पाच-सात वेळा हलके दाबा. पाणी उडून जातं. त्यानंतर ग्रीस गन. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या ग्रीस भरायच्या निपलमधून मातकट ग्रीस बाहेर येऊन नवीन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरायचं, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. नाहीतर त्यालाच पुन्हा माती बसते. धुतलं आणि ग्रीस भरलं नाही तर अर्धंच काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनच्या आणि डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) ऑइलचा रंग बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरूही करू नका.

समुद्रावरच्या गाड्यांचं थोडं वेगळं. नागाव-काशीदकडे वाळूवर चालणारी गाडी वरून स्वच्छच दिसते, म्हणून तिला कुणी धूत नाही, आणि गंज तिलाच आधी लागतो. मीठ जोराच्या पाण्याने जात नाही, भरपूर गोड्या पाण्याने विरघळून जातं. त्याच संध्याकाळी, हलक्या धारेने, वेळ घेऊन, विशेषतः बोल्टची डोकी, ब्रेकचे भाग आणि वायरचे जोड. जोड वाळले की त्यात विजेच्या जोडांचं ग्रीस लावा.

गाडी ठेवताना ताडपत्री अंगाला घट्ट लपेटू नका, ओल आत कोंडते. शेडमध्ये मोकळी ठेवा, सायलेन्सरच्या तोंडाला आणि ब्रीदरच्या नळ्यांना बारीक जाळी बांधा. या नळ्या डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सला श्वास घ्यायला असतात. त्या बुजल्या की आतला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर येतं, आणि थंड झाल्यावर तिथूनच पाणी आत ओढलं जातं. चिखलाने बुजतात तशा कुंभारीण माशीनेही बुजतात, तिला असलं भोक फार आवडतं. दिवाळीनंतर गाडी पहिल्यांदा काढाल तेव्हा प्रत्येक नळीत एक बारीक तार घालून बघा.